बोट तोडाया फुकट

कार्ड घरी आलं तेव्हा जयवंताबाईनं त्याला ओवाळलं. यात हसण्यासारखं काही नाही. कशेळ्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावात नवा ट्रॅक्टर आला तरी ओवाळतात आणि नवी सून आली तरी ओवाळतात. दोहोंतलं कोण आधी कुरकुरायला लागतं, ते पुढचं पुढे. मग सरकारनं घरबसल्या पाच लाखांचं आजारपण मंजूर केलं, त्याचं एवढंही कौतुक करू नये?

शिवाय ते कार्ड सुखासुखी आलेलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या शिबिरात तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, दहाही बोटं यंत्रावर दाबदाबून पाहिली होती. चाळीस पावसाळ्यांच्या चिखलानं बोटांवरच्या रेघा केव्हाच धुऊन नेल्या होत्या. यंत्र त्याला माणूस मानायलाच तयार नव्हतं. शेवटी डोळ्याचा फोटो काढला तेव्हा कुठे तो माणूस ठरला. जयवंतानं कार्डाला हळद लावली, कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून दिलं. वर्षभर कुणी आजारी पडलं नाही. म्हणजे कार्ड लागू पडलं म्हणायचं.

मग भात काढून झालं आणि शेतातलं धसकट कोंडाजीच्या पायात घुसलं. अंगठ्याशेजारच्या बोटात. त्याला ते कळलंही नाही. उभ्या जन्मात ज्याच्या तोंडून एक गोड शब्द निघाला नाही, त्याच्या रक्तात साखर निघाली होती, आणि साखरेच्या पायाला दुखणं कळत नाही. पंधरा दिवसांनी जयवंताला वास आला तेव्हा बोट सुजून जांभळं झालं होतं. आळीतल्या येसाजीचं असंच एका बोटापासून सुरू झालं होतं आणि मांडीपर्यंत थांबलं नव्हतं. ते आठवलं आणि तिनं देव्हाऱ्यातलं कार्ड काढून कनवटीला लावलं. बांधावरून येणाऱ्या कोंडाजीच्या पावलांचा आवाज ओळखून ती चहाचं आधण ठेवायची, इतकी वर्षं. ती पावलं तिला दोन्ही हवी होती.

तिला मोठं इस्पितळ नको होतं. एक डॉक्टर हवा होता, वरचेवर बघणारा, नावानं ओळखणारा, आणि कार्ड चालवून घेणारा. एवढ्याशा मागणीसाठी ती नवऱ्याला घेऊन निघाली.

कशेळ्याच्या डॉक्टरनं कार्ड उलटून पालटून पाहिलं, फोटो छान आलाय म्हणाला आणि परत दिलं. पायाकडे बघायला त्याला रोख पैसे लागत होते. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांपर्यंत कार्ड पोचलंच नाही. कंपाउंडरनंच सांगितलं की हे खोकल्यातापाचं कार्ड नव्हे, हे मोठ्या दुखण्याचं, उगाच लहान दुखण्यावर खर्चू नका. जयवंताला ओशाळल्यासारखं झालं. आपलं दुखणं सरकारच्या मानानं फारच किरकोळ होतं तर.

कुणीतरी म्हणालं, कुंभिवलीला हायवेवर एक इस्पितळ आहे, तिथे कार्डाचं वेगळं टेबलच आहे. जीप, मग एसटी, मग ट्रकांच्या धुरळ्यातून चालणं. कोंडाजी फडक्यात पाय बांधून लंगडत गेला. टेबल होतं. टेबलामागे इस्त्रीच्या कोटातली एक मुलगी होती. तिनं कार्ड यंत्रासमोर धरलं, पण कार्डावरच्या काळ्या चौकटीवर वर्षभराचं कुंकू बसलं होतं. देव प्रसन्न होता, यंत्र होईना. मुलीनं नखानं कुंकू खरवडलं, जयवंतानं मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि यंत्र एकदाचं वाजलं.

डॉक्टर येऊन पाय पाहून गेले. मुलीनं पडद्यावरची यादी वर-खाली केली. सोमवारी दाखल व्हा म्हणाली, बोट काढून टाकू, सगळं कार्डावर बसतंय.

"म्हंजे बोट तोडलं तर फुकट?" जयवंतानं विचारलं.

"हो, आजी. जेवणसुद्धा."

"आनि वाचवलं तर?"

मुलीनं पुन्हा यादी पाहिली, अगदी मनापासून पाहिली. "रोजची मलमपट्टी यादीत नाही, आजी."

येताना गावच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी तेवढी आणा, असं तिनं सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये कोंडाजी खुशीत होता. "फुकट हाय तर घेऊ कापून. धा हायती गं."

भातलावणीच्या दिवसांत आख्खी आळी जयवंताच्या ओव्यांवर वाकायची. आता ती खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत म्हणाली,

*कारडाच्या देवा, तुजा महिमा लई मोठा,*
*बोट तोडाया फुकट, बोट जोडाया तोटा.*

शेजारच्या बाईनं विचारलं, कुठली ओवी गं ही? जयवंता म्हणाली, सरकारी.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीसाठी ती नवऱ्याला गावातल्या उपकेंद्रावर घेऊन गेली. तो दारातच अडला. उपकेंद्र म्हणजे गरोदर बायांचं आणि टोचायच्या पोरांचं ठिकाण. गावातला एकही बाप्या साठ पावलांवरच्या त्या पायरीवर कधी चढला नव्हता. कर्जत चालेल, कुंभिवली चालेल, पण बायांच्या रांगेत बसायचं म्हणजे काय? चिठ्ठी घेऊन लगेच निघायचं, या बोलीवर तो आत आला.

उपकेंद्रातल्या सोनाली सिस्टरनं चिठ्ठी लिहायला घेतली नाही. आधी फडकं सोडलं. बोट दाबलं, नख पाहिलं, तळव्याला हात लावला.

"बोट ऊबदार आहे, काका. मेलेलं नाही. कापायची घाई कशाला? मी डॉक्टरसाहेबांना फोन करून विचारते."

फोन झाला. मग तिनं जखम धुतली, काळं कातडं काढलं, पट्टी बांधली, साखर तपासली, गोळ्या दिल्या. रोज यायचं, अनवाणी फिरायचं नाही, आणि लाली वर चढली तर मी स्वतः तालुक्याला घेऊन जाईन, म्हणाली. कोंडाजीनं रुबाबात कार्ड पुढे केलं.

"ते नको. इथं लागत नाही."

बाहेर आल्यावर तो खट्टू होऊन म्हणाला, "कार्ड लागत नाय त्या औषधाचा गुन येईल व्हय गं?"

"येईल. न्हाई तर धा हायतीच की," जयवंता म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी कोंडाजी उपकेंद्राच्या बाकावर, दोन गरोदर पोरींच्या मधे, मान खाली घालून बसू लागला. पहिले आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करायचा. मग मान दुखायला लागली. सोमवार आला, गेला. जांभळं तांबडं झालं, तांबड्याचं गुलाबी झालं. एका सकाळी वाडीवरची सुनिता, पहिलटकरीण, पोट सावरत आली आणि जागा शोधत उभी राहिली. कोंडाजीला बघून तिनं पदराआड हसू दाबलं.

"तुमाला कितवा म्हैना, मामा?"

"दुसरा सरत आला," कोंडाजी म्हणाला आणि तिच्यासाठी बाजूला सरकला. "बस. सिस्टरचा हात हलका हाय."