शोभेची दोरी

इआकोपोचं बोट काथ्याच्या गाठीत शिरलं आणि आत थंडगार कशाला तरी लागलं. घोण दिसावी तसा त्याने हात मागे घेतला.

"लाफाएले, आत काय आहे रे?"

लाफाएले त्याच्या बहिणीचा मुलगा, या बांधकामावरचा मुकादम. तो स्टूल धरून उभा होता.

"मामा, खाली उतर. पाहुणे यायला लागलेत."

"आत काय आहे?"

"बोल्ट. पोलादाचा."

"या एकाच गाठीत?"

लाफाएलेने मान खाली घातली. "सगळ्या. दोनशे बारा."

इआकोपोला स्टुलावरून उतरणंही सुचेना. आपिया शहराच्या किनाऱ्यावर आज नवं कलासंग्रहालय उघडायचं होतं. चित्रं मागच्या बंद दालनांत होती. पुढे हा मोठा गोल मंडप होता. गावाने यावं, बसावं, समुद्र बघावा, म्हणून जुन्या घरांसारखा चहूबाजूंनी मोकळा ठेवलेला.

"छपराला एकही खिळा लागणार नाही म्हणाला होतात तुम्ही सगळे."

"खिळा नाहीच, मामा. बोल्ट आहेत."

"मस्करी करतोस?"

"नाही रे. वादळाचा कायदा आहे. नुसत्या दोरीवर मंजुरी मिळत नाही."

"माझ्या बापाचं छप्पर वादळात वाकलं, पण उडालं नाही!"

"ते कागदावर कसं दाखवू?"

चौदा महिने इआकोपोने नारळाची सोडणं खाडीत दगडाखाली कुजवली, बडवली, धागा मांडीवर वळला, तीन पेडांची दोरी विणली. गुडघे धरले होते, म्हणून गाठी तरुणांनी मारल्या. तो घरीच वळत राहिला. मंडपात आज पहिल्यांदा आला होता.

"गाठी मारणाऱ्यांना माहीत होतं?"

"त्यांना तर होतंच. मामीलाही."

त्याची बायको फेतू पहिल्या ओळीत चटईवर बसली होती. तो तिच्याशेजारी जाऊन धपकन बसला.

"तुला ठाऊक होतं?"

ती पंखा हलवायची थांबली. "तू वळताना गात होतास. इतक्या वर्षांनी गात होतास. कुठल्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात गावाच्या वतीने बोलणारा वक्ता काठी टेकून उभा राहिला. पूर्वजांची नावं झाली, पाहुण्यांचे मान झाले. मग त्याने काठी छपराकडे केली. "हे छप्पर इआकोपोच्या दोरीने धरलंय!"

टाळ्या पडल्या. दोन बायका तलम चटई उलगडून धरत त्याच्याकडे येऊ लागल्या. घर ज्याच्या हाताने उभं राहिलं त्याला ही चटई देतात. ती घेतली, की ते घर आपल्या भरवशावर उभं आहे असं चारचौघांत कबूल केलं.

"घे," फेतू पुटपुटली. "कुणाला काय कळतंय!"

"मला कळलंय ना."

तो उभा राहिला.

"छप्पर बोल्टांनी धरलंय. दोरी मी वळली, खरं आहे. ती नसती तरी छप्पर असंच राहिलं असतं."

वक्त्याची काठी वरच राहिली. बायकांना पुढे यावं की मागे जावं कळेना.

"लाफाएलेला द्या," इआकोपो म्हणाला. "बोल्ट त्याने आवळलेत. उद्या छपराचं काही झालं, तर त्याला विचारा."

मागून आईने पाठीत ढोसलं तेव्हा कुठे लाफाएले पुढे झाला, हात शर्टाला पुसले आणि चटई डोक्यावर घेतली.

मग कुणीतरी मान वर केली. शेजाऱ्याने केली. बघता बघता सगळं गाव वर बघून गाठींच्या फटींतून बोल्ट शोधू लागलं.

इआकोपो जवळच्या दोन खांबांमधून बाहेर पडला. वाळू तापली होती. फेतूने त्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्यामागे निघाली.