तीस वेळा

"बंद केलेला व्हॉल्व्ह बघायला किती वेळा परत जाता?" मनोविकारांच्या दवाखान्यात नव्या रुग्णाचा फॉर्म भरता भरता मी विचारलं.

"धा-बारा खेपा. बंद केल्यालं ध्यानात असतं, तरी पाय वळत्यात. हापिसातले साहेब म्हणत्यात, बरा व्हऊन ये, नायतर व्हॉल्व्हची चावी दुसऱ्याकडं देतो."

बद्रीनाथ महापालिकेतर्फे पुंडलिकनगरच्या बाजूला पाणी सोडायचे. त्या दुष्काळात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि नव्या इमारती मात्र उभ्या राहतच होत्या. एक व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला की पुढची गल्ली कोरडी. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं, तरी भीती काही जात नव्हती.

फॉर्मातला शेवटचा प्रश्न होता, न पटणारं काम सांगितलं तर काय करता?

"करतो की. सांगितलंय म्हटल्यावर."

मी तसंच लिहिलं. सवय मोडायला तीच मुद्दाम वाढवायला सांगायचं, हा उलटा उपाय कोणाला लागू पडेल, हे ओळखायला डॉक्टरांनीच तो प्रश्न घातला होता. हट्टी माणसाला 'मुद्दाम जास्त कर' म्हटलं की तो वैतागून सोडून देतो. ऐकणारा मात्र तेच करत बसतो. पण नंतर रांगेतल्या नंबरावरून बद्रीनाथ बाहेर कुणाशी तरी भांडले, ते डॉक्टरांनी काचेतून पाहिलं.

"हट्टी आहे, चालेल याला," म्हणाले. मी फॉर्म पुढे केला, तो त्यांनी न वाचताच बाजूला सारला. मी गप्प बसले, त्याचा मला आजही संताप येतो.

"रोज तीस वेळा बघून यायचं. एकही कमी नको," त्यांनी बद्रीनाथांना सांगितलं.

पंधरा दिवसांनी बद्रीनाथ बायकोचा, आवडाबाईंचा, खांदा धरून आले. एप्रिलच्या उन्हात तळपाय सोलून निघाले होते.

"कंटाळा नाही आला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आला की. पण तुम्ही सांगितल्यालं."

"काल हापिसानं चावी काढून घेतली यांची," आवडाबाई म्हणाल्या. "तरी आज सकाळी जाऊन खेपा मोजीत व्हते."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' माणसाने याहून जास्त प्रतिसाद द्यायचा तरी कसा?

"डॉक्टर, चूक तुमची आहे," मी म्हणाले. "यांनी तुमचा शब्द पाळला."

ओशाळले ते बद्रीनाथच. "असू द्या ताई," म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी हात जोडले.

"साहेब, दोन दिवस अठ्ठावीसच झाले. त्यानं तर बिघडलं नसंल?"