तेज जोखणारा लंबक

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर तेजमहाराज पितळी लंबक घेऊन बसले होते. मुलाच्या डोक्यावर दोऱ्याने लंबक धरायचा. गरगरला तर बुद्धी, थांबला तर दगड! त्याआधी महाराज प्रेमाने एवढंच विचारत, "वडील काय करतात, बाळ?"

सर्जनच्या मुलावर लंबक गरगरला. वकिलाच्या मुलीवर तर भोवराच झाला.

"बुद्धी रक्तात असते!" महाराज गरजले. "पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं तेज! भिंतही त्याला अडवू शकत नाही!"

मागे लिफ्टवाला चिमणीचा हात धरून उभा होता. गेल्या आठवड्यात त्याच्या या लेकीवर लंबक ढिम्म हलला नव्हता. आता लंबकाच्या कौलावर शाळा वर्ग पाडणार होती. तेजस्वी मुलांना नवी पुस्तकं, उरलेल्यांना मागची खोली. पण खरा घाव घरात बसला होता. लिफ्ट वर गेली की दोर कुठे जातो, असं चिमणी विचारायची, तेव्हा तो जेवण सोडून सुतळी आणि चमच्याने दाखवायचा. हल्ली म्हणायचा, "जाऊ दे, तुला नाही कळायचं." पोरीने विचारणंच सोडलं होतं.

इतक्यात बालवाडीच्या बाई उठल्या. "महाराज, भिंत अडवत नाही, तर चादर काय अडवणार? दोन मुलं झाकून बसवते. नाव नाही, गाव नाही. सांगा तेज."

"बाई, श्रद्धा ठेवा!"

"ठेवते की! लंबक तेवढा तुम्ही धरा."

लोकांनाही चेव आला. "होऊन जाऊ द्या!" महाराजांचा नाइलाज झाला.

पडद्याआड तयारी करून बाईंनी पडदा सारला. दोन चादरींखाली दोन आकृती बसल्या होत्या. एकीखालून झिजलेल्या चपला डोकावत होत्या. लंबक थिजला. "दगड!" दुसरीखाली चकचकीत बूट. लंबक वेड्यासारखा फिरला. "अहाहा! सात पिढ्यांचं तेज!"

बाईंनी चादरी ओढल्या. बुटांमागे निघाली उपडी घागर! आणि चपला घालून बसलेला सर्जनचा मुलगा घाम पुसत म्हणाला, "किती उकडतंय आत!"

सभागृह हसून हसून लोळलं. "ग्रह फिरले!" महाराज पुटपुटले.

"ग्रह नाही, बोटं फिरली," बाई म्हणाल्या. "बोट केसभर हललं तरी लंबक झोका घेतो. आणि बोट हलतं ते बापाचा हुद्दा ऐकून."

"पण वकिलांची मुलगी हुशार आहेच ना?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"आहेच. घराचा परिणाम होतोच. तिच्याशी दिवसभर कुणीतरी बोलतं, गोष्टी वाचतं, प्रश्नाला उत्तर देतं. थकूनभागून येणाऱ्यांच्या घरात ते कमी पडतं. पण कमी पडलेलं भरून काढता येतं. घराने काढावं, शाळेनेही काढावं. रक्त बदलता येत नाही, म्हणून तर ठकांना रक्ताचा एवढा लळा!"

लिफ्टवाला तडक मुख्याध्यापकांपुढे गेला. "माझी पोर मागच्या खोलीत बसणार नाही. कुणाचीच बसणार नाही. आधी पुस्तकं सगळ्यांना द्या."

मग तो चिमणीपुढे उकिडवा बसला. "विचार, काय हवं ते विचार."

तिने विचारलं, "बाबा, तू त्या महाराजांचं खरं का मानलंस?"

हा प्रश्न त्याने टाळला नाही. "सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही मानलं. पुरावा मागायला हवा होता, तो मी मागितला नाही. यापुढे मागायचा. समोर कुणीही असो, मी असलो तरी."