बोंडलंभर दूध

साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि इकडे वलगावात कापसाला सोन्याचा भाव आला होता. गोदाबाईला त्याचं काय कौतुक! सून बाळंतपणात गेली ती एवढासा नातू मागे ठेवून. शेळीचं दूध बोंडल्याच्या चोचीनं पाजावं, तर घोट उतरतो न उतरतो तोच पोर भडाभडा ओकायचं आणि अंग ताणून रडायचं. दृष्ट काढून झाली, अंगारे लावून झाले. गोदाबाईचा जीव तीळतीळ तुटायचा.

शेवटी शेजारच्या रजियाबीनं तिच्या हातातलं बोंडलं काढून घेतलं. "एकदम नोको पाजू, गोदाबाई. घोट घोट दे. अन् ढेकर येईपर्यंत खांद्यावर उभा धर. आडवा केला का दूध वर येते."

मोठं वेळखाऊ काम, पण गुण आला. पोर बाळसं धरू लागलं. ते पहिल्यांदा हसलं तेव्हा गोदाबाई ढसाढसा रडली.

मग कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा करायची, तीही घरातल्या थोरल्या बाईच्याच हातानं. म्हणून गोदाबाईचा मुलगा, पोराचा बाप चंद्रभान, तिला पोरासकट गाडीत घालून घेऊन गेला. बाभळीला झोळी बांधली, तोच पोर भुकेनं रडू लागलं.

"माय, आटप ना! वेचणीच्या बाया दुसऱ्याच्या वावरात पळून राहिल्या."

"लेकराले पाजू तं दे."

"पाज अन् टाक झोळीत. काहून उशीर करतं?"

पूजेत रडायला नको म्हणून तिनं बोंडलंभर दूध एकदमच पाजलं. ढेकराची वाट पाहायला कुणाला वेळ होता? तिनं त्याला तसंच झोळीत आडवं केलं.

कपाशीच्या भरल्या झाडाला तिनं दहीभात वाहिला, दूध शिंपडलं. हात जोडून मागितलं ते नातवासाठीच. पोर हूं की चूं करेना. "किती शहाणं लेकरू!" बाया म्हणाल्या, आणि मेलं तिला बरंही वाटलं.

झोळी उघडली तर नाकातोंडातून दूध आलेलं आणि मान एका बाजूला कललेली.

गोदाबाईनं त्याला उचलून खांद्यावर उभं धरलं. पाठीवर थोपटत ती बाभळीखाली फेऱ्या घालू लागली. चंद्रभाननं रडत रडत हात पुढे केले.

"माय, दे त्याले इकडं."

"थांब," ती म्हणाली, "अजून ढेकर नाई आला त्याले."