ओबेंगच्या काळजाभोवतीचा थर

मित्रांनो, मी एक जुना चरबीचा थर आहे. बोनविरे गावच्या ओबेंग विणकराच्या हृदयाला बिलगून मी एक्कावन्न वर्षं काढली. नाक मुरडू नका. माझा एखादा भाऊबंद तुमच्याही हृदयावर आहेच.

पूर्वी मी अगदी पातळ होतो. हृदयाला ऊब द्यायची, धक्का लागू द्यायचा नाही, गरज पडली तर इंधन पुरवायचं, ही कामं मी इमानेइतबारे केली. कौतुक कुणी केलं नाही, कारण मी कुणाला दिसतच नव्हतो.

कौतुक व्हायचं ते ओबेंगच्या पोटाचं. दिवसभर तो मागावर केंटे या रंगीत कापडाच्या अरुंद पट्ट्या विणायचा आणि संध्याकाळी बायकोच्या, सेरवाच्या हातचा फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांचा मऊ गोळा, ताडफळांच्या दाट रश्शाबरोबर हाणायचा. पट्टी गुंडाळायचा रूळ पोटाला टेकू लागला, तेव्हा त्याने रूळच वीतभर पुढे सरकवला. आमच्याकडे नवऱ्याचं पोट म्हणजे बायकोचं प्रशस्तिपत्रक. त्या पोटाबरोबर मीही फुगलो. खरं सांगतो, मला ते आवडत होतं. पण माझ्यातून नको ते हृदयात झिरपू लागलं, आणि ज्याला जपायचं त्यालाच मी जाचू लागलो.

आमच्याकडे मेलेल्याला नाचूनच निरोप देतात. गेल्या वर्षी मामाच्या अंत्यविधीत नाचता नाचता ओबेंग धापा टाकत खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या सोनोग्राफीत मला पाहिलं. हा थर उतरवा, नाहीतर हृदय थकेल, असं त्यांनी बजावलं. ओबेंगला शरम वाटली. दुखण्याची वाच्यता करायची नाही, अशी त्याने सेरवाला शपथ घातली.

सेरवाने फुफूचा गोळा निम्मा केला, वांग्याचा पातळ रस्सा मांडला आणि त्याला रोज पहाटे शेजारच्या गावापर्यंत चालायला लावलं. पोट उतरलं, मीही उतरलो. मग गावात कुजबुज सुरू झाली आणि ओबेंगची थोरली बहीण पोकुआ फुफू-रश्शाने भरलेला टोप घेऊन दारात आली.

“काय गं सेरवा, माझ्या भावाचं पार चिपाड केलंस की. घरात दाणा नाही, का मनात माया नाही?”

सेरवा मान खाली घालून ऐकत राहिली. शपथ होती ना. ओबेंगने मुकाट्याने टोप रिकामा केला. रोज टोप येऊ लागला आणि मी पुन्हा फुगू लागलो. मला माझीच भीती वाटू लागली.

मामाच्या वर्षश्राद्धाला ओबेंग नाचायला उतरला आणि पुन्हा धाप लागून थांबला. पोकुआ टोप घेऊन पुढे आली. साऱ्या गोतावळ्यासमोर त्याने तो बाजूला सारला.

“अक्का, माझं काळीज दुखणाईत आहे. मी लपवलं आणि बोलणी हिने खाल्ली. आज जिवंत आहे तो हिच्या निम्म्या गोळ्यामुळे.”

ढोल थांबले. आमच्याकडे उत्तम नाचणाऱ्याच्या डोक्यावर दोन बोटं उंचावून त्याचा मान करतात. पोकुआ सेरवाजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर तिने दोन बोटं धरली. सेरवा तर जागची हललीही नव्हती. ती रडू लागली.

मित्रांनो, मला हाकलू नका, पण माजूही देऊ नका. आणि ताटात बेताने वाढणाऱ्या हाताला कंजूष म्हणू नका. ओबेंगच्या मागाचा रूळ आता पुन्हा जुन्या जागी आला आहे.