भिंतीपलीकडचा माझा भाऊ

मी एक जुना निळा ड्रम आहे आणि मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे पुढे तुम्ही मला पकडायला नको. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शहाणपणाचे चार शब्द सांगावेत अशी रीत आहे. तेही सांगेन. पण आधी पोटातले बाहेर येऊ द्या.

माझा जन्म एका साच्यातून झाला आणि माझ्या पाठोपाठ त्याच साच्यातून माझा भाऊ बाहेर पडला. तोच निळा रंग, तीच जाडी, कमरेला तेच दोन वळ. दक्षिणेकडच्या बागांमधले खारवलेले ऑलिव्ह पोटात भरून आम्ही एकाच ट्रकने लिमा शहरात आलो. ऑलिव्ह विकले गेले, तेव्हा व्यापाऱ्याने आम्हा दोघांच्या काठावर पांढऱ्या रंगाची एकच लांब रेघ ओढली आणि आम्हाला बाजारात शेजारी शेजारी उभे केले. एका माळ्याने भावाकडे बोट दाखवले. नेमेसिया नावाच्या बाईने माझ्याकडे. त्या माळ्याचे बोट वीतभर इकडे सरकले असते, तर आज ही गोष्ट माझा भाऊ सांगत असता.

नेमेसियाने मला रंगीत चादरीत बांधून पाठीवर घेतले आणि टेकडी चढली. तिचे फळ्यांचे घर अगदी वरच्या ओळीत होते. त्याच्यामागे भिंत होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडच्या उतारावर श्रीमंतांचे बंगले. आमच्यापैकी कुणी तिकडे जाऊ नये म्हणून त्यांनी ती बांधली होती. तिच्यात एका ठिकाणी बोटभर फट राहिली होती आणि नेमेसियाने मला नेमके त्या फटीसमोर ठेवले.

पहिल्याच सकाळी मी फटीतून पाहिले. हिरवळीवर माझा भाऊ उभा होता. काठावरची पांढरी रेघ मी लगेच ओळखली. त्याच्या पोटात माती होती आणि डोक्यावर लालभडक फुले. माळ्याने त्याच्यात पाण्याचा पाइप सोडला आणि तो कुणाशी तरी गप्पा मारायला निघून गेला. पाणी भावाच्या अंगावरून हिरवळीवर गेले, हिरवळीवरून वाटेवर गेले आणि वाटेवरून कुठे गेले ते मला दिसले नाही. माझ्या पोटात तेव्हा एक थेंब नव्हता. तेव्हापासून मी जळतो आहे.

आमच्या शहरात पाऊस म्हणावा असा पडतच नाही. हिवाळ्यात धुके येते, अंग ओले करते आणि पोट कोरडेच ठेवते. आम्ही जगतो ते टँकरवर. टँकर रस्ता संपतो तिथे थांबतो आणि भोंगा वाजवतो. मग त्याचा जाड पाइप खांद्याखांद्यावरून वर चढवायचा. प्रत्येक ओळीतली माणसे खांदा देतात, आपापले ड्रम भरून घेतात आणि पाइप वर सरकवतात. बंगलेवाल्यांना मिळते त्याहून हे पाणी कितीतरी महाग, आणि तरी आमचेच पाणी गढूळ.

मी ते पाणी जिवापाड सांभाळले. त्यातच नेमेसिया कणसे उकडायची आणि चीजच्या तुकड्याबरोबर बसथांब्यावर विकायची. पाणी नसेल त्या दिवशी तिचे पातेले चुलीवर चढत नसे आणि तीही उपाशी राहत असे. माझ्यावर फळी आणि फळीवर दगड ठेवून ती म्हणायची, "जाड्या, नीट सांभाळ हं. तूच माझा कमावता." अशा वेळी मी भावाला पाच-दहा मिनिटे विसरायचो.

एकदा तीही त्या फटीतून बघत उभी राहिली. तिकडे पाइप वाहत होता. माझ्या काठावर हात ठेवून ती म्हणाली, "बघ रे जाड्या. आपण काय कमी राबतो?"

मला वाटते, पाण्याची स्वतःची मोठी टाकी घ्यायचा ध्यास तिने घेतला तो त्याच दिवशी.

आमच्या टेकडीवर दर रविवारी मेलितोन शिट्टी फुंकतो. मेलितोन म्हणजे टेकडीचा निवडून दिलेला अध्यक्ष. शिट्टी झाली की प्रत्येक घरातून एकाने कुदळ घेऊन निघायचे आणि सगळ्यांच्या कामाला लागायचे. याला फाएना म्हणतात. टेकडीच्या पायऱ्या फाएनानेच बांधल्या आणि आता नळासाठी चर खणणे चालले होते. त्या रविवारी शेजारची प्रिमितिवा कुदळ घेऊन दारात आली. ती नेमेसियाच्या परगावी असलेल्या मुलीची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"कोमाद्रे, शिट्टी झाली की. कुदळ कुठंय तुझी?"

"घरात आहे आणि घरातच राहणार. रविवारी मैदानावर फुटबॉल असतो. आठवड्याची कणसं तिथे एका दुपारीत खपतात."

"आणि चर कोण खणणार?"

"खणा तुम्ही. तुमचा तो नळ येईपर्यंत माझे दात पडतील. मी माझ्या दोन हातांनी माझं पाणी आणीन. भली मोठी टाकी घेणार आहे."

"घे बाई. तुझे हात, तुझी टाकी," प्रिमितिवा म्हणाली आणि एकटीच गेली.

नेमेसिया राबली. खरेच सांगतो, तसे राबताना मी दुसरे कुणी पाहिले नाही. पहाटे कणसे, दुपारी लोकांची धुणी, रविवारी मैदान. आणि एके दिवशी चार माणसांनी ती काळी टाकी वर आणली. चकचकीत अंग, आट्यांचे झाकण, खाली पितळी तोटी. ती माझ्या दुप्पट उंच होती. विटांच्या ओट्यावर तिला बसवले आणि मला कोपऱ्यात सारून माझ्यात मळके कपडे कोंबले. "जाड्या" म्हणून हाक मारणेही बंद झाले. आधी माझा एकच वैरी होता, तो भिंतीपलीकडे. आता दुसरा घरातच आला. शेजारीपाजारीही मीठ मागायचे निमित्त करून यायचे, टाकीवर टिचकी मारायचे आणि तोंड वाकडे करून जायचे. त्यांचे दुखणे मला चांगले कळत होते.

मग टँकर आला. इतके दिवस ती फाएनाला जात नसली, तरी ओळीतली माणसे मला भरू देत होती. पाइप खांद्याखांद्यावरून वर चढला. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी आपापले ड्रम भरले आणि शेवटच्या पायरीशी पाइप खाली ठेवून दिला. भांडण नाही, शिवी नाही. नेमेसिया एका टोकाला एकटी उभी राहिली.

"अरे, उचला की," ती म्हणाली.

मेलितोनने घाम पुसला. "नेमेसिया, ज्यांच्या पाठी चरात वाकल्या, त्यांच्यासाठी खांदे आहेत. टाकी बाजारातून आणलीस ना? आता खांदेही तिथूनच आण."

तिने पाइप एकटीने ओढला. पाण्याने भरलेला पाइप म्हणजे काय ओझे असते! तो मधेच मुडपला आणि पाणी अडले. खालून ड्रायव्हर ओरडला की त्याला अजून दोन टेकड्या करायच्या आहेत, आणि त्याने पाइप गुंडाळायला घेतला. एवढी मोठी टाकी आणि आत ठणठणाट. नेमेसिया तिच्या ओट्यावर बसली आणि पदरासारखा शालीचा काठ तोंडावर धरून रडली. चूल पेटली नाही.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

संध्याकाळी प्रिमितिवा दोन बादल्या घेऊन आली. तिने टाकीकडे पाहिले, हात वर करून पाहिला आणि नाक मुरडले. "हिच्या तोंडापर्यंत माझा हात पोचत नाही, कोमाद्रे. एवढ्या उंच बसलेल्यांना बादलीने नाही पाजता येत. तुझा तो जाड्या कुठंय?"

नेमेसियाने कपडे काढून मला विसळले. प्रिमितिवाने स्वतःच्या वाट्याचे पाणी माझ्यात ओतले.

"मी फाएनाला आले नाही, तरी देतेस?"

"मी देतेय, ओळ नाही देत. ओळीचं तू रविवारी बघ."

रविवारी शिट्टी झाली आणि नेमेसिया कुदळ घेऊन निघाली. हसत नव्हती, पुटपुटत होती, पण निघाली. पुढे तिने आपण होऊनच ती टाकी वरच्या ओळीच्या पायऱ्यांशी नेऊन ठेवली. आता टँकरचा पाइप तिथे एकदाच आणायचा आणि सगळ्या ओळीने तोटीखाली बादल्या लावायच्या. मी परत फटीसमोर आलो. टाकी सगळ्यांची झाली आणि मी मात्र एकट्या नेमेसियाचा, याचे मला मनातून बरे वाटते.

गाव करील ते राव काय करील, असे म्हणतात. ते खरेच आहे. पण मित्रांनो, भिंतीपलीकडच्या रावाला काही करावेच लागत नाही, त्याचे काय? आमचा चर कधीच खणून झाला. नळ आमच्या माणसांनी पुरले. पाणीपुरवठ्याचे साहेब लोक येऊन बघून गेले. नळाला अजून पाणी नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ वर आला. बंगल्यात नव्या मातीच्या कुंड्या आणल्या, म्हणून त्याला भंगारात दिले आणि प्रिमितिवाने तो उचलून आणला. पाणी भरायला गेली तर सगळे वाहून गेले. त्याच्या तळाला भोके होती. फुलांची मुळे कुजू नयेत म्हणून माळ्याने ती पहिल्याच दिवशी पाडली होती. "हा तर बिनकामाचा," प्रिमितिवा म्हणाली. मग नेमेसियाने त्याला माझ्या शेजारी ठेवले, त्यात माती भरून कांदे लावले आणि भोकांखाली परात ठेवली. त्यातून गळते ते पाणी ती पायऱ्यांवर धूळ बसवायला शिंपडते. आमच्याकडे गळणाऱ्या पाण्यालाही काम असते.

आता तुम्ही विचाराल की हेवा संपला का. बिचारा भोके पडलेला भाऊ, त्याच्यापेक्षा तू बरा, असे म्हणून माझी समजूत घालाल. नका घालू. तुमच्या घरी माझ्यासारखा ड्रम असेल तर त्याच्यावर झाकण ठेवा, त्याला आतून घासा आणि नळ उघडा ठेवून गप्पा मारायला जाऊ नका, एवढे माझे ऐका. आणि राबले की सगळे मिळते असे कुणी सांगितले, तर त्याला नेमेसियाच्या घरामागच्या फटीशी घेऊन या.

मला भावाच्या फुलांचा हेवा वाटत नाही. हिरवळीचाही नाही. इतकी वर्षे तो पाण्यात उभा राहिला आणि त्याला एक थेंबही धरून ठेवायची गरज पडली नाही. याचा मला हेवा वाटतो.