भरतीपुरती ढील

बोटीवर जायच्या फळीचे एक टोक धक्क्याच्या कडेवरून सुटले तेव्हा वेटर बरोबर मधोमध होता. त्याने आधी हातातला ट्रे उंच धरला, मग स्वतःला सावरायला पाहिले, आणि ट्रेसकट पाण्यात गेला. पाणी छातीपर्यंतच होते. तो उभा राहून तोंड पुसू लागला. बोटीवर, काचेमागे जेवत बसलेल्या एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या.

बोटीवरच्या हॉटेलची व्यवस्थापिका धावत बाहेर आली. वेटरला वर ओढायला दोघे वाकलेले होतेच. तिची नजर दोरावर गेली. बोटीपासून धक्क्यावरच्या लोखंडी खुंटापर्यंत गेलेला दोर मध्येच झोळीसारखा लोंबत होता. वारा आला की बोट तेवढी ढील घेऊन धक्क्यापासून लांब जायची आणि फळी निसटायची.

खुंटापाशी तिचे वडील उभे होते.

"बाबा, परत?"

"वारा फिरला."

"वारा नाही फिरला. दोर सैल आहे."

ते खाली बसून दोर ओढून घेऊ लागले. मुदपाकखान्याच्या खिडकीतून स्वयंपाक्याने डोके बाहेर काढले.

"काका, तुमचा दोर पण निवृत्त झाला वाटतं. नुसता लोळतोय."

"तू तुझा कांदा बघ. इथपर्यंत वास येतोय."

"कांदा कधीच करपला. वेटर बुडाला तेव्हाच."

वडील हसले, पण हात थांबले नाहीत.

त्या हातांनी याच धक्क्यावर जन्मभर जहाजे बांधली होती. तेव्हा खाडीचे पाणी दिवसातून दोनदा माणसाच्या उंचीएवढे चढायचे आणि तेवढेच उतरायचे. दोर ताठ बांधला तर ओहोटीला जहाज दोरावर लटकायचे, नाहीतर दोर तुटायचा. म्हणून भरतीपुरती ढील ठेवून बांधायचे. ती किती, हे कुणी कुणाला शिकवत नसे. मग खाडीच्या तोंडाशी भरती अडवणारा मोठा दरवाजा झाला. शहरातले पूर थांबले, आणि पाणी परातीत ओतल्यासारखे एका जागी उभे राहिले. खाली गाळ साचत गेला. माल दुसऱ्या बंदरात गेला. कोळशाच्या वखारीत व्यायामशाळा आली, दोरवाल्याच्या दुकानात सुगंधी मेणबत्त्या आल्या, बर्फाच्या कारखान्याचे फ्लॅट झाले. मागे राहिलेल्या एकुलत्या एका मालवाहू बोटीचे हॉटेल झाले. तिथे नोकरी लागल्यावर मुलीनेच मालकांना सुचवले होते, इथला एखादा जुना माणूस दारात असावा. पाहुणे वडिलांसोबत फोटो काढून घेत.

मालकांचा फोन लगेच आला.

"कळलं मला. तुमचे वडील म्हणून गप्प बसलो होतो. उद्या पाहुणा पडला तर बोटीला कुलूप लागेल. त्यांना आजच सांगा, उद्यापासून येऊ नका म्हणून."

"मीच?"

"मी सांगितलं तर त्यांना जास्त लागेल."

दुपारची जेवणे आटोपेपर्यंत ती एका जागी ठरली नाही. टेबले पुसून झालेली होती ती पुन्हा पुसली. बिलाच्या पेनाचे टोपण उघडले, लावले, उघडले. बाबा, आता आराम करा, असे म्हणायचे तिने ठरवले. मग ते बदलले. आराम या शब्दाला ते हसले असते.

"चला, माझ्याकडे चहा घेऊ," शेवटी ती म्हणाली.

"आत्ता? संध्याकाळची फळी लावायचीय."

"वेळ आहे."

वाटेत त्यांची खोली लागली. ओला दोर ओढताना जोडे भिजले होते, ते बदलायला वडील आत गेले. ती दारात उभी राहिली. ट्रंक विटांवर, पलंगाचे पाय विटांवर, धान्याचे डबे खांद्याच्या उंचीच्या फळीवर. जोड्यांसाठी भिंतीत वर खिळे. भरती मोठी असली की पाणी न विचारता आत येई, तेव्हाची मांडणी. त्यांनी ओले जोडे खिळ्याला अडकवले आणि शेजारचे काढून घातले.

"विटा काढा की आता. पाणी येऊन किती वर्षं झाली."

"काढीन. ट्रंकेखालची झुरळं घरच्यासारखी झालीत, त्यांना कुठं हलवू?"

तिला हसू आले नाही. ती पुढे चालू लागली, इतकी भरभर, की त्यांनी मागून विचारले, चहा पळून जाणार आहे का.

तिचा फ्लॅट जुन्या बर्फाच्या कारखान्यात होता. तिने ताबा घेतला त्या दिवशी वडील येऊन गेले होते, तेव्हा आत काहीच सामान नव्हते. आता त्यांनी दारातच जोडे काढून भिंतीलगत जमिनीवर ठेवले आणि खुर्चीत बसून आजूबाजूला पाहू लागले. तिने गॅसवर आधण ठेवले. बाहेर कुठेतरी यंत्र जमिनीत खांब ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला कपाटातल्या कपबशा किणकिणत.

"मालक काय म्हणाला?" त्यांनी विचारले.

ती बाहेर आली. परत आत गेली. पुन्हा बाहेर आली.

"बाबा, तुम्हाला माहितीये ना, पाणी आता चढत नाही?"

"माहितीये की."

"मग दर वेळी तीच ढील कशाला? हाताला एवढं कळू नये?" बोलता बोलता ती दाराशी गेली, वाकली, त्यांचे जोडे उचलले आणि मांडणीच्या वरच्या फळीवर, तिच्या स्वतःच्या चपलांशेजारी ठेवले. "माणूस पाण्यात पडला आज. उद्या कोण पडेल? मला वर उत्तर द्यावं लागतं. तुमच्यासाठी मी किती वेळा..."

वडिलांचे लक्ष नव्हते. ते जोड्यांकडे पाहत होते. मग त्यांनी मांडणीच्या खालच्या फळ्या पाहिल्या. त्या मोकळ्या होत्या, त्यांवर साधी पिशवीसुद्धा नव्हती. समोरच्या पुस्तकांच्या कपाटाचा तळचा कप्पाही मोकळा होता. इस्त्री, तांदळाचा डबा, बॅग, सगळे कमरेच्या वर.

"कितवा मजला गं हा?"

"चौथा. का?"

त्यांनी पुन्हा तळच्या मोकळ्या कप्प्याकडे पाहिले. तिने त्यांच्या नजरेमागून पाहिले. तिचा हात अजून वरच्या फळीवरच होता. आत आधण उतू जाऊन गॅस फडफडला, तरी ती लगेच हलली नाही.

चहा झाला. त्यांनी फुंकर घालत अर्धा कप संपवला. तिचा फोन टेबलावर थरथरू लागला. मालकांचे नाव दिसले. तिने तो पालथा करून ठेवला.

"संध्याकाळी दोर बांधून झाला की मला हाक मारा," ती म्हणाली. "मी बघीन. मगच फळी लावू."

"कोण, तू बघणार?" वरच्या फळीवरच्या जोड्यांकडे पाहत वडील म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.